मान्यांचं पाण्यातलं वजन

माने गेल्याचं मी सगळ्यांत आधी त्यांच्या आईला कळवलं. दुपारची वेळ होती. चंदीगडच्या आमच्या घरात डॉक्टर होते, शेजारचे प्राध्यापक आणि त्यांची बायको होती, आमची सई बाबांच्या पायाशी बसून होती, आणि सगळे हिंदीत, हळू आवाजात बोलत होते. मी बाल्कनीत जाऊन सांगलीजवळच्या आमच्या गावी फोन लावला. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काय खाल्लं हुतं का गं त्येनं?"

"हो," मी म्हणाले. "आमटी."

"निस्ती आमटी?"

"थोडी."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर रडायला लागल्या.

त्या सकाळी मी चमच्याच्या टोकाने आमटीचा थेंब मान्यांच्या जिभेवर लावला होता, तेवढाच. पोटात जायचं ते गेले काही महिने नळीतून जात होतं. नळीचं सासूबाईंना आम्ही सांगितलं नव्हतं. मान्यांनीच तसं बजावलं होतं. माझा व्यवसाय आहारशास्त्राचा. खेळाडूंनी काय खावं, किती खावं, त्यांच्या अंगात स्नायू किती, चरबी किती, हेच मी वर्षानुवर्षं विद्यापीठात शिकवत आले. पण माणूस गेल्यावर पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हा असतो, हे मला त्या फोनवर कळलं.

मी मूळची अमरावतीची. चंदीगडला आले ती पीएच.डी. करायला. माझ्या गाइडनी विषय सुचवला, वॉटरपोलो खेळणाऱ्यांचा आहार आणि शरीराची घडण. धावपटूंची, पैलवानांची मापं पुष्कळ जणांनी घेतली होती. पाण्यात चेंडू खेळणाऱ्या या मुलांकडे कुणी फारसं वळलं नव्हतं. मला स्वतःला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा काठावर उभी राहून घाबरले होते. तळाला पाय टेकवायचे नाहीत, एका हाताने चेंडू धरायचा, आणि पाण्याखाली पाय ताकात रवी फिरावी तसे सतत फिरत ठेवायचे. वरून दिसतात ती फक्त डोकी आणि खांदे. खाली जे चाललेलं असतं ती कुस्ती असते.

सैन्याच्या संघाचं शिबिर तेव्हा इथे लागलं होतं. प्रयोगशाळेत आमची एक टाकी होती. वर काटा, त्याला साखळीने टांगलेली खुर्ची, आणि खुर्चीसकट माणूस पाण्यात. छातीतली हवा पूर्ण सोडायची, डोकं पाण्याखाली घ्यायचं आणि काटा स्थिर होईपर्यंत हलायचं नाही. चरबी तरंगते, स्नायू आणि हाडं खाली ओढतात, म्हणून पाण्यातलं वजन कळलं की अंगात काय किती आहे याचा अंदाज बांधता येतो. ऐकायला सोपं वाटतं. पण छाती रिकामी करून बुडून बसणं भल्याभल्यांना जमत नाही. पट्टीचे पोहणारे जवानसुद्धा दचकून वर यायचे, काटा थरथरत राहायचा आणि मला पुन्हा पुन्हा त्यांना बसवावं लागायचं. मग एक गोलकीपर आला. रुंद, सावळा, बोलायला लाजणारा. त्याने हवा सोडली आणि तो खाली जाऊन डोळे उघडे ठेवून असा बसला, जसा कुणी देवळाच्या पायरीवर बसावा. काटा एकदम शांत झाला. मी आकडा वाचला, टाकीवर टकटक केली, तरी हा बसलेलाच. वर आल्यावर मला चक्क मराठीत विचारतो, "झालं का मॅडम? का परत बसू?"

हेच माने. मी मराठी आहे हे त्यांना माझ्या हिंदीवरून कळलं होतं म्हणे. माने पोहायला शिकले ते कृष्णेत, पाठीला रिकामा डबा बांधून. त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ह्या वजनात मी किती हाय आणि चरबी किती?" मी समजावून सांगितलं. त्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं. पलटणीत पैलवान त्यांना चिडवायचे, तुमची अंगं मऊ म्हणून. मी म्हटलं, पाण्यात तासन्‌तास राहणाऱ्याला हा थर लागतो, तो गारठ्यापासून वाचवतो आणि तरंगायला मदत करतो. तुमच्या पायांचे कष्ट त्याने वाचतात. ते हसले. "म्हणजे हे पोट हक्काचं." दोनच दिवसांनी ते पुन्हा प्रयोगशाळेच्या दारात उभे. आकडा चुकला असेल असं वाटतंय म्हणाले, परत घेता का. आकडा चुकलेला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आमच्या लग्नाला माझ्या घरून विरोध झाला, त्यांच्या घरून आश्चर्य. तो सगळा तपशील आता सांगण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट राहून गेली. मी त्यांना 'माने' म्हणत राहिले आणि ते मला 'मॅडम'. सासूबाईंना हे कधीच रुचलं नाही. "नवऱ्याला आडनावानं हाका मारती, हपिसातल्यावानी," त्या म्हणायच्या. आम्ही बदलायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या कुठल्याही हाकेला दोघांपैकी कुणी वळूनच पाहत नसे.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर माने इथेच राहिले आणि शहरातल्या एका पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवू लागले. मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांतून, झिरकपूरच्या फ्लॅटांतून मुलं यायची. पाण्यातून निघालेल्या मुलाला जी भूक लागते ती दुसऱ्या कुठल्याच भुकेसारखी नसते, असं ते म्हणत, आणि माझा अभ्यासही तेच सांगत होता. काही मुलं रिकाम्या पोटी यायची, काही तुपात थबथबलेले तीन-तीन पराठे खाऊन, आणि पाण्यात उतरताच पोट धरायची. कुणी कधी काय खायचं हे मी ठरवायचे आणि माने ते मुलांकडून करून घ्यायचे. पाण्यातही घाम येतो हे मुलांना पटत नसे. मग सरावाआधी आणि सरावानंतर मुलाला काट्यावर उभं करून, घटलेलं वजन दाखवत ते विचारायचे, "बता, ये पानी कहाँ गया?" त्यानंतर ते मूल बाटली विसरत नसे.

गुरप्रीत त्यातलीच. मनीमाजऱ्याची, चौदा-पंधराची, उंच, मोठ्या हाडाची. हात असा की चेंडू त्यात लिंबासारखा वाटावा. एका उन्हाळ्यात ती एकाएकी रोडावली. ओठ निळे पडायचे, अर्ध्या सरावात थकून काठ धरायची. माने तिला घरी घेऊन आले. मी बोलतं केल्यावर कळलं की तिच्या कुणा आत्याने सगळ्यांसमोर म्हटलं होतं, या पोरीचे खांदे बघा, हिच्याशी कोण लग्न करणार. तेव्हापासून ती सकाळी चहा आणि दिवसाला एक पोळी एवढ्यावर होती. मी तिला शास्त्र सांगितलं; स्नायू कसे झिजतात, पाळी कशी थांबते, हाडांचं काय होतं. ती मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी तलावावर माने तिच्याजवळ पाण्यात उतरले, आपले पाय सैल सोडले आणि म्हणाले, "मुझे ऊपर रख." तिने दोन्ही हातांनी त्यांना धरलं. पाय फिरवत, दात आवळत, त्यांची छाती पाण्याबाहेर येईपर्यंत उचललं. "ये किसने उठाया मुझे?" त्यांनी विचारलं. ती धापा टाकत म्हणाली, "मैंने, सर." "तेरे इन्हीं कंधों ने," माने म्हणाले, "अब जा, खाना खा." त्या संध्याकाळी ती आमच्याकडे जेवली, आणि नंतर कितीतरी वर्षं जेवत राहिली. आता ती स्वतः त्याच तलावावर मुलींना शिकवते.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मान्यांच्या हातून चेंडू निसटायला लागला. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, चेंडू जुना झालाय म्हणाले. पुढे शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. एकदा आम्ही टेबलाशी बसून शेंगा सोलत होतो. त्यांना एक शेंग फोडता येईना. मी सहज त्यांचा हात हातात घेतला आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या भागावर माझं बोट गेलं. तिथे मांसल फुगवटा असतो. तिथे खळगा होता... ज्या हाताची मापं मी कातडीची जाडी मोजायच्या चिमट्याने घेतली होती, जो हात मला आकड्यांनी आणि आकड्यांशिवायही पाठ होता, त्यातला एक तुकडा कुणीतरी काढून नेला होता. त्यांच्या दंडावर कातडीखाली बारीक मासोळ्या फिराव्यात तशी हालचाल चालली होती. माने माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय निघालं मॅडम मापात?" त्यांनी विचारलं.

इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात आमच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, लातूरचे. तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि मराठीत सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. थांबवणारं औषध नाही. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की मला नेहमी बरं वाटायचं. त्या दिवशी वाटलं, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं असतं तर निदान घरी पोहोचेपर्यंत ते परक्याचं राहिलं असतं. निघताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, वजन टिकवा. या आजारात वजन जितकं टिकेल तितका माणूस टिकतो. हे तुमच्याइतकं कुणाला कळणार."

मला कळत होतं. म्हणून मी त्या आजाराशी माझ्या ठिकाणाहून लढायला उभी राहिले. आमटीत तूप, भातात तूप, दाण्याचं कूट प्रत्येक भाजीत, साय, खीर, केळ्याचं शिकरण. मान्यांचं शरीर बसल्या जागी दुप्पट जळत असल्यासारखं खात होतं आणि तरीही आटत होतं. त्यांनी कधी नको म्हटलं नाही. बोलणं जड झालं तरी म्हणायचे, "वाढा मॅडम." दर रविवारी वजन घ्यायचा आमचा नेम होता. सुरुवातीला ते स्वतः काट्यावर चढायचे, मग माझ्या खांद्याला धरून. पुढे उभंही राहवेना, तेव्हा सई त्यांना उचलून काट्यावर उभी राहायची आणि मी त्यातून तिचं वजन वजा करायचे, लहान बाळाचं करतात तसं. "बाबा, आप बस मेरी गर्दन पकड़ो," ती म्हणायची. आमची सई मराठी सगळं समजते, बोलते हिंदीत. कॉलेजात जाणारी, माझ्यासारखी किरकोळ अंगाची मुलगी. ती बाबांना सहज उचलू शकत होती, हे पाहताना मला आकडा वाचताच यायचा नाही... मी अंदाजाने काहीतरी सांगायचे. माने डोळे मिटून घ्यायचे.

त्याच सुमारास गुरप्रीत एका दुपारी आली आणि म्हणाली, सरांना तलावावर घेऊन जाते. मी घाबरले. मान्यांनी मात्र मान डोलावली. तिने त्यांना खुर्चीतून उचलून गाडीत ठेवलं, तलावावर उचलून पाण्यात नेलं, आणि पाठीखाली हात घालून उताणं झोपवलं. ऊन कोवळं होतं. पाण्यावर त्यांचा चेहरा इतका निवांत झाला की मला काठावर बसून वाटलं, आता हळूच हात काढला तर ते पूर्वीसारखे पडून राहतील. गुरप्रीतलाही तेच वाटलं असावं. तिने हात जरासा सैल केला आणि माने लगेच खाली जायला लागले. तिने झटकन सावरलं. मला कारण माहीत होतं. तरंगवणारा तो थर आता अंगावर राहिला नव्हता, आणि छातीत भरायला पुरेशी हवाही नव्हती. मान्यांनी मान जरा माझ्याकडे वळवली. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "बुडतोय की ओ मॅडम... हक्काचं पोट गेलं." आणि हसले. गुरप्रीतला मराठी येत नाही. ती त्यांना हसताना पाहून हसली आणि तासभर हात न काढता तशीच पाण्यात उभी राहिली.

मग गिळणं अवघड झालं. आधी पाणीच. पातळ पदार्थ घशात सांभाळणं सगळ्यांत कठीण असतं. ज्या माणसाचं आयुष्य पाण्यात गेलं त्याला मी पाण्यात पूड घालून, दाट करून, चमच्याने भरवत होते. पोटात थेट नळी घालून घ्यावी असं मी सुचवलं. श्वासाची ताकद आहे तोवरच ती सुरक्षितपणे घालता येते, उशीर केला तर डॉक्टर हात लावत नाहीत. माने नाही म्हणाले. मी समजावलं, रागावले, रडले. त्यांचं एकच म्हणणं. तोंडाची चव घालवून जगायचं ते कशाला. मला तो प्रश्न खोडून काढता येत नव्हता. आयुष्यभर मी अन्न म्हणजे उष्मांक आणि प्रथिनं असं शिकवलं, पण माझ्याच घरात एक माणूस होता जो पिठलं खाताना डोळे मिटायचा.

एका दुपारी जेवताना त्यांना ठसका लागला आणि थांबेना. चेहरा काळानिळा पडला. मी पाठ थोपटत होते. सई ताटावरून उठून खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ठसका थांबल्यावर मान्यांनी त्या दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "सई... जेवली?"

"जेवेल नंतर," मी म्हणाले.

"तुम्ही?"

खरं तर कित्येक आठवडे आम्ही दोघी धड जेवलोच नव्हतो. त्यांचं जेवण दीड-दोन तास चालायचं, आणि आम्ही समोर बसून त्यांच्या गळ्याकडे बघत राहायचो. घास खाली उतरला की नाही, एवढंच. आमची ताटं गार होऊन जायची. आम्हाला वाटायचं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

"घाला नळी," माने म्हणाले. थोड्या वेळाने, दम घेऊन, "पण तुम्ही दोघींनी... माझ्यासमोर जेवायचं. पोटभर."

नळी घातली. मी सगळं वाटून, गाळून, मोजून नळीतून द्यायचे. तो वीस मिनिटांचा कार्यक्रम उरकला की आमची ताटं वाढली जायची, त्यांच्या खुर्चीसमोर. आम्ही जेवायचो. पहिले काही दिवस घास तोंडात फिरत राहायचा. सई तर मुकाट्याने रडत जेवायची. पण ते पाहत असायचे, तलावाच्या काठावरून मुलांना पाहायचे तसेच, आणि ताटात काही टाकलं की भुवई वर जायची. हळूहळू आम्ही खरोखर जेवायला लागलो. जी भाजी झाली असेल तिची चव मी त्यांच्या जिभेला लावायचे. मीठ कमी असेल तर ते डोळे बारीक करायचे, आणि मीठ खरंच कमी असायचं.

ते जानेवारीत गेले. श्वासासाठी यंत्र लावायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं, आणि या वेळी मी वाद घातला नव्हता. बरेच दिवस धुकं होतं, त्या दिवशी ऊन पडलं होतं, म्हणून आम्ही पलंग खिडकीशी ओढला होता. जिभेवर आमटी लावली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दुपारी एक श्वास बाहेर गेला आणि आम्ही पुढच्याची वाट पाहत राहिलो... सई म्हणाली, "माँ, रुको, अभी लेंगे." मी थांबले. आम्ही दोघी पुष्कळ वेळ थांबलो.

गेल्या आठवड्यात गुरप्रीतने तलावावर बोलावलं. नवीन मुली आल्या आहेत, मॅडमजी, मापं घ्या. मी गेले. एका मुलीच्या दंडाची कातडी चिमटीत धरली. गच्च, भरलेला, थंड पाण्याने ताठलेला दंड होता. खाली सगळं जागच्या जागी होतं. मी गरजेपेक्षा जास्त वेळ धरून राहिले असेन, कारण ती घाबरून म्हणाली, "मॅम, कुछ गड़बड़ है?" मी म्हटलं, "नहीं बेटा. सब ठीक है. सब है." आकडा लिहून घ्यायचा राहिला, तो गुरप्रीतने लिहिला.

घरी मात्र सगळं ठीक नाही. विद्यापीठाच्या या क्वार्टरचं स्वयंपाकघर चिंचोळं आहे; एक माणूस गॅसशी उभा राहिला की दुसऱ्याला फ्रिजपर्यंत जाता येत नाही. सरावाहून आल्यावर मान्यांना बसून ताटाची वाट बघणं जमायचं नाही. ते केस न पुसता थेट आत यायचे आणि ओट्याला टेकून, तव्यावरून उतरेल ती पोळी उभ्या उभ्याच खायचे. त्यांचं ते रुंद अंग तिथे मावावं म्हणून मी भिंतीला चिकटून, अंग चोरून पोळ्या करायला शिकले होते. परवा सई पाणी घ्यायला आत आली आणि दारातच थांबली. मी पोळ्या करत होते. भिंतीला चिकटून, उजवा खांदा आत ओढून. माझ्या डाव्या हाताला अख्खा ओटा मोकळा होता. ती पाणी न घेताच परत गेली, आणि मी तव्यावरची पोळी उलटली.